गुंडेगावचे भापकर गुरुजी

आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितो. पाणंद अडली की कापूस घरी आणताना काय हाल होतात, हे आपल्या मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात डोंगरांच्या बेचक्यात गुंडेगाव आहे. तिथले राजाराम भापकर सातवी शिकलेले, 1957 पासून जिल्हा परिषद शाळेत मास्तर. नोकरी कोळगावला. सरळ जावं तर संतोषा डोंगर आडवा, देऊळगावमार्गे जावं तर 29 किलोमीटर. डोंगर फोडून रस्ता करा म्हणून सरकारदरबारी मागणी केली. काही हाललं नाही. मग स्वतःच कुदळ-फावडं उचललं.

मजूर लावले ते पदरच्या पैशातून. निम्मा पगार त्यातच जायचा. घर कसं चाललं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही बुवा! 1991 ला निवृत्त झाले, तर पेन्शनही डोंगरातच घातली. 1968 साली जिथून सायकल जात नव्हती, तिथून 1997 मध्ये गाड्या जाऊ लागल्या. कोळगाव 10 किलोमीटरवर आलं.

तेवढ्यावर थांबले नाहीत. 57 वर्षांत सात रस्ते, मिळून 40 किलोमीटरच्या आसपास. आपण इथं बांधाच्या फूटभर जागेसाठी तहसीलच्या चकरा मारतो.

तुमच्या शिवारात कुणी अडलेली पाणंद मोकळी केली असेल तर कळवा, जाऊन बघून येऊ.