लॉस एंजेलिसचे धुरके

लॉस एंजेलिसचे धुरके हे मुख्यतः मोटारींच्या उत्सर्जनापासून सूर्यप्रकाशात तयार होणारे प्रकाशरासायनिक वायुप्रदूषण होय. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील या शहरावर ते १९४० च्या दशकापासून प्रकर्षाने जाणवू लागले. वाहनांच्या उत्सर्जनावरील कायदेशीर मर्यादा आणि विद्युत मोटारींची सक्ती या दोहोंचा इतिहास या धुरक्याशी निगडित आहे.

स्वरूप

'धुरके' हा शब्द धूर आणि धुके यांवरून बनला असून लंडनच्या कोळशाच्या धुरक्याला तो चपखल बसतो. लॉस एंजेलिसमध्ये मात्र धुके नसलेल्या, लख्ख उन्हाच्या दिवसांतच हवा सर्वांत वाईट असते. शहराच्या पश्चिमेस व दक्षिणेस प्रशांत महासागर, तर उत्तरेस व पूर्वेस सॅन गॅब्रिएल आणि सॅन बर्नार्डिनो या पर्वतरांगा आहेत. समुद्रावरून आलेल्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. या स्थितीस तापमान व्युत्क्रमण म्हणतात. १५४२ मध्ये आलेल्या स्पॅनिश मोहिमेने सॅन पेद्रोच्या उपसागराला 'धुराचा उपसागर' असे नाव दिले होते; ते स्थानिक रहिवाशांनी पेटवलेल्या आगींच्या धुरावरून.

कारणाचा शोध

२६ जुलै १९४३ रोजी शहरावर दाट धुरके पसरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले व घसे धरले. प्रारंभी कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका ठेवण्यात आला. परंतु तो बंद ठेवूनही धुरके हटले नाही. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात वायुप्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. तिचा पहिला रोख कारखाने, तेलशुद्धीकरण केंद्रे आणि परसातील कचराभट्ट्यांवर होता.

खरे कारण सापडले ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांना. ते त्यापूर्वी अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासत होते. न जळालेल्या इंधनातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, असे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. ओझोन मोटारीच्या नळीतून थेट बाहेर पडत नाही, तो हवेतच बनतो. त्यामुळेच दोषी लवकर ओळखता आला नव्हता. तेल व मोटार उद्योगांनी हा निष्कर्ष सहजासहजी मान्य केला नाही.

नियमन आणि आरोग्य

१९६६ च्या मोटारींपासून कॅलिफोर्नियाने हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड यांवर मर्यादा घातली. १९६७ मध्ये राज्याचे वायुसंसाधन मंडळ स्थापन झाले व हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या संघराज्याच्या कायद्याने राज्याला देशापेक्षा कडक मर्यादा लावण्याची मुभा दिली. १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसवला जाऊ लागला. शिशामुळे त्यातील उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. मुंबईसह भारतातील चार महानगरांत हीच जोडी नव्या पेट्रोल मोटारींसाठी १९९५ मध्ये आली.

या उपायांचा परिणाम मुलांच्या फुप्फुसांत मोजला गेला आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासानुसार, हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड व सूक्ष्म धूलिकण घटत गेले तसे फुप्फुसांची क्षमता लक्षणीय कमी असलेल्या १५ वर्षांच्या मुलांचे प्रमाण तीन तुकड्यांत ७.९ टक्क्यांवरून ६.३ आणि पुढे ३.६ टक्क्यांवर आले.

विद्युत मोटारींची सक्ती

प्रत्येक मोटार स्वच्छ होत असली, तरी मोटारींची संख्या व प्रवासाचे अंतर वाढतच होते. त्यामुळे १९९० मध्ये मंडळाने मोठ्या उत्पादकांना शून्य-उत्सर्जन वाहनांचे प्रमाण ठरवून दिले: १९९८ मध्ये २ टक्के, २००१ मध्ये ५ टक्के आणि २००३ मध्ये १० टक्के. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये 'ईव्ही१' ही मोटार केवळ भाडेकरारावर दिली. उत्पादकांच्या विरोधामुळे १९९६ मध्ये पहिले दोन टप्पे रद्द झाले आणि पुढे उरलेला टप्पाही सौम्य करण्यात आला. ईव्ही१ परत घेऊन बहुतेक गाड्या मोडीत काढल्या गेल्या. तरीही नियमातील हस्तांतरणीय श्रेयांकांची पद्धत टिकली, आणि पुढे टेस्लासारख्या कंपनीला असे श्रेयांक इतर उत्पादकांना विकून मोठे उत्पन्न मिळाले.

२०२२ मध्ये मंडळाने २०३५ पर्यंत सर्व नव्या मोटारी शून्य-उत्सर्जन किंवा मर्यादित प्रमाणात प्लग-इन हायब्रिड असाव्यात, असा नियम केला. जून २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ठरावाने त्यासाठीची संघीय मुभा काढून घेण्यात आली. त्याविरुद्ध राज्याने न्यायालयात धाव घेतली.

मर्यादा

विद्युत मोटारीला धुराची नळी नसते. टायर व रस्त्याच्या झिजेची धूळ मात्र राहते आणि बॅटरीच्या वजनाने ती वाढू शकते. रंग, सुगंधी द्रव्ये व साफसफाईची रसायने यांपासून निघणाऱ्या बाष्पशील संयुगांचा वाटाही आता वाहनांच्या तोडीचा झाला आहे. लॉस एंजेलिस व लाँग बीच या बंदरांकडे जाणाऱ्या महामार्गांलगत, प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटाच्या वस्त्यांत, डिझेल ट्रकांचा धूर ही वेगळी समस्या आहे. ओझोनची संघीय मानके या प्रदेशाला अद्याप गाठता आलेली नाहीत.