रंग जातो, पण कुठे जातो?

कापडाच्या दुकानात आपल्याकडे एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे : "रंग जातो का हो?" दुकानदार म्हणतो, "ताई, पक्का रंग, गॅरंटी." आणि घरी आल्यावर आई तो कपडा पहिल्या धुण्याला वेगळाच भिजवते, कारण तिचा गॅरंटीवर विश्वास नसतो.

मागच्या दिवाळीत मी एक जीन्स घेतली. मांडीवर आणि गुडघ्यावर मुद्दाम विटवलेली. आईने ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "विटकी पँट नवी म्हणून विकली तुला?" मी म्हटलं, "अगं, स्टाइल आहे ती." त्यावर ती म्हणाली, "कुणाची?"

तो प्रश्न डोक्यात राहिला. आजची पोस्ट त्याबद्दल.

नेहमीच्या वाचकांना माझं काम माहीत आहे. नव्यांसाठी दोन ओळी : कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग प्रकाशाच्या मदतीने मोडता येतो का, यावर मी पीएच.डी. करते आहे. रोज बीकरमधलं पाणी निळं करायचं, त्यात उत्प्रेरकाची पूड टाकायची, दिवा लावायचा आणि दर दहा मिनिटांनी रंग किती उरला ते मोजायचं. थोडक्यात काय, तर रंग घालवणं हेच माझं काम. त्यामुळे मुद्दाम रंग घालवलेली पँट जास्त पैसे देऊन विकत घ्यावी, याची गंमत मला जरा जास्तच वाटली. आणि मग मी जीन्सच्या निळ्या रंगाचा, म्हणजे निळीचा, इतिहास वाचायला घेतला.

धड न चिकटणारा रंग

आधी थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, एकाच परिच्छेदाचं आहे.

नीळ पाण्यात विरघळत नाही. मग ती कापडाला लावायची कशी? तर आधी तिचं क्षपण करायचं. मग ती विरघळते आणि द्रावण पिवळसर हिरवं होतं. त्यात सूत बुडवायचं आणि बाहेर काढायचं. हवेतला ऑक्सिजन लागला की हिरव्याचं निळं होतं, अगदी आपल्या डोळ्यांदेखत. पण ही नीळ सुताशी रासायनिक बंध तयार करत नाही. ती धाग्याच्या बाहेरच्या थरात नुसती अडकून बसते. डेनिमचं सूत अनेकदा बुडवतात, तरी त्याचा गाभा पांढराच राहतो. शिवाय डेनिममध्ये उभे धागे तेवढे निळे असतात, आडवे धागे रंगवतच नाहीत. त्यामुळे कापड घासलं की वरचा निळा थर झिजतो आणि आतला पांढरा दिसायला लागतो.

कुठे दिसतो? जिथे तुम्ही वाकता, बसता, हात पुसता. दोन वर्षं वापरलेली जीन्स बघून तो माणूस पाकीट कुठल्या खिशात ठेवतो ते सांगता येतं. म्हणजे रंगाऱ्याच्या हिशेबाने जो दोष, तोच जीन्सचा गुण. दोन माणसांच्या जीन्स सारख्या विटत नाहीत. 'वैयक्तिक स्टाइल' हा शब्द शब्दशः खरा असलेला हा बहुधा एकमेव कपडा असेल.

डोंगरीचं कापड

सुरुवातीला मात्र यात स्टाइल वगैरे काही नव्हतं. 'डेनिम' हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहरावरून आला आणि 'जीन्स' इटलीतल्या जेनोआवरून, असं मानतात. तिसरा शब्द आपल्या घरचा आहे. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाच्या कामाच्या कपड्यांना 'डंगरीज' म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'डोंगरी कापड' अशी नोंद आहे : मुंबईच्या डोंगरी किल्ल्याजवळच्या भागात विकलं जाणारं साधं देशी कापड, आणि पुढे त्यावरून कुठलंही स्वस्त, हलकं सुती कापड. आज मॉलमध्ये 'डंगरी' म्हणून जो ड्रेस मिळतो, त्याचं नाव आपल्या डोंगरीचं आहे.

२० मे १८७३ रोजी लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना अमेरिकेत पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारण्याचं पेटंट मिळालं. ती पँट खाणकामगार, मजूर आणि गुराख्यांसाठी होती. गडद निळ्यावर मळ दिसत नाही, एवढाच रंगाचा विचार. १९५०च्या दशकात मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन यांनी सिनेमात जीन्स घातली, आणि मजुराची पँट बंडखोर पोरांची झाली. अमेरिकेतल्या काही शाळांनी तर तिच्यावर बंदी घातली. बंदी घातल्यावर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

आता प्रश्न असा : एवढी नीळ यायची कुठून?

पाला, हौद आणि रयत

एकोणिसाव्या शतकात जगाच्या बाजारात जाणारी बरीचशी नीळ आपल्या देशातून जात होती, आधी मुख्यतः बंगालमधून आणि नंतर बिहारमधून. नीळ झाडात निळी नसते. पाला हौदात भिजवून आंबवायचा, ते पाणी दुसऱ्या हौदात सोडायचं आणि मजुरांनी त्यात उतरून ते काठ्यांनी घुसळायचं. घुसळताना हवा मिसळते आणि निळीचा साका तळाशी बसतो. माझ्या बीकरमध्ये जे काम चुंबकाची कांडी फिरवून होतं, ते तिथे माणसं करत होती.

पण खरा जाच शेतात होता. बंगालमध्ये निळीचे मळेवाले शेतकऱ्याला उचल द्यायचे. ती फिटायची नाही आणि भाताच्या जमिनीत नीळ पेरणं सुटायचं नाही. १८५९मध्ये शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला आणि उठाव झाला. १८६०मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचं 'नीलदर्पण' हे नाटक आलं. त्याचा इंग्रजी अनुवाद छापल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. त्यानंतर बंगालमधला निळीचा धंदा आटला आणि बिहारमधला वाढला. चंपारणमध्ये पद्धत होती 'तीनकठिया' : दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावायचीच.

१८९७

इकडे युरोपात वेगळीच गोष्ट घडत होती. १८५६मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्याने चक्क कारखाना काढला. १८५८मध्ये राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात त्या छटेचा पोशाख घातला, आणि सगळ्या लंडनला जांभळ्याचं वेड लागलं. डांबरापासून एकामागून एक रंग निघायला लागले. रंग स्वस्त झाल्यावर 'या वर्षीचा रंग' ही कल्पना सामान्य बायकांपर्यंत पोहोचली. आज दर हंगामाला रंग बदलणारा जो फॅशन उद्योग आपण बघतो, त्याची एक मुळी या प्रयोगशाळेत आहे.

नीळ मात्र सहज हाती लागत नव्हती. आडोल्फ फॉन बायर या जर्मन शास्त्रज्ञाने ती प्रयोगशाळेत बनवली, १८८३मध्ये तिची रचना उलगडली आणि १९०५मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण कारखान्यात परवडेल अशी कृती सापडायला वेळ लागला. बीएएसएफ या जर्मन कंपनीने त्यावर सुमारे १ कोटी ८० लाख मार्क खर्च केले आणि १८९७मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली. १८९७मध्ये झाडापासून सुमारे १९,००० टन नीळ बनत होती. १९१४मध्ये ती सुमारे १,००० टनांवर आली.

आता तुम्ही म्हणाल, चला, सुटली रयत! मलाही असंच वाटलं होतं. विज्ञानाने केलेली सुटका म्हणून एखाद्या भाषणात सांगायला छान उदाहरण.

तसं झालं नाही. शाळेत आपण शिकलो की चंपारणचा सत्याग्रह निळीच्या सक्तीविरुद्ध होता. ते खरंच आहे, पण ते अर्धं आहे. भाव पडल्यावर नीळ मळेवाल्यांनाच नकोशी झाली. मग त्यांनी रयतेला सांगितलं, तुम्हाला या सक्तीतून मोकळं करतो, पण त्याबद्दल खंड वाढवून द्या. या वाढीव खंडाला 'शरहबेशी' म्हणत. काहींकडून एकरकमी पैसे घेतले, त्याला 'तावान' म्हणत. म्हणजे जर्मनीतल्या शोधामुळे मळेवाल्यांचं जे नुकसान झालं, ते भरलं चंपारणच्या शेतकऱ्याने. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन रंगाची आवक थांबली, निळीचे भाव पुन्हा चढले आणि लागवडही पुन्हा वाढली.

एप्रिल १९१७मध्ये राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी चंपारणला गेले, जिल्हा सोडण्याचा हुकूम त्यांनी मोडला आणि हजारो शेतकऱ्यांचे जबाब नोंदवले. १९१८च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली, आणि तावानापैकी २५ टक्के रक्कम परत द्यायचं ठरलं. फक्त पंचवीस टक्के.

विटवण्याचा कारखाना

आज जगात वर्षाला पन्नास हजार टनांहून जास्त नीळ बनते आणि जवळजवळ सगळी कृत्रिम असते. एका जीन्सला साधारण ३ ते १२ ग्रॅम लागते. भारतात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने डेनिम बनवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात तर जीन्सचं न शिवलेलं कापड बटणांसकट पाकिटात मिळायचं आणि कोपऱ्यावरचा शिंपी ते मापाने शिवून द्यायचा. ती जीन्स नवी असताना गडद निळी असायची. विटवायचं काम आपलं आपण करायचं.

पण दोन वर्षं थांबायला कोणाला वेळ आहे? आणि गिऱ्हाईक एकच पँट वर्षानुवर्षं वापरत बसलं तर दुकान कसं चालणार? म्हणून जुनेपणच विकायला आलं. आधी प्युमिस दगडांबरोबर जीन्स घुसळून काढायला लागले, पुढे विकरं वापरायला लागले. आणि मांडीवरचा तो पांढुरका पट्टा काढायला वाळूचा मारा सुरू झाला. या वाळूची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांकडे वीस-पंचवीस वर्षांची पोरं या आजाराने यायला लागली. खाणीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होणारा रोग, आणि ही पोरं तर जीन्सच्या कारखान्यातली. २००९मध्ये तुर्कस्तानने जीन्सवरच्या वाळूच्या माऱ्यावर बंदी घातली. मोठ्या ब्रँड्सनीही मग एकेक करून तो बंद केल्याचं जाहीर केलं. तरी दुसऱ्या देशांत हे काम चालूच असल्याच्या तक्रारी नंतरही येत राहिल्या. आता बऱ्याच ठिकाणी ते लेसरने होतं, आणि ही सुधारणा खरी आहे. धुण्याचं पाणी मात्र कुठेतरी जातंच. आपल्याकडे उल्हासनगर हे जीन्सचं मोठं केंद्र. तिथल्या वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

परत माझ्या बीकरकडे

माझ्या बीकरमधला निळा रंग म्हणजे मिथिलीन ब्लू. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एकदा तासाभरात तो पूर्ण गायब झाला. पाणी अगदी स्वच्छ. मी आनंदाने सरांना दाखवायला गेले. त्यांनी ती बाटली झाकण लावून जोरात हलवली, आणि पाणी पुन्हा निळं! रंग मोडलाच नव्हता. त्याचं क्षपण होऊन तो नुसता बिनरंगी झाला होता. हवा लागताच परत आला. तेव्हापासून आम्ही नुसता रंग मोजत नाही, पाण्यात सेंद्रिय कार्बन किती शिल्लक आहे तेही मोजतो. रंग दिसेनासा होणं आणि रेणू संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निळीचा इतिहास वाचताना मला ती बाटली सारखी आठवत होती. बंगालमध्ये धंदा आटला तेव्हा प्रश्न संपल्यासारखा वाटला, तो चंपारणात होता. कृत्रिम नीळ आली तेव्हा पुन्हा संपल्यासारखा वाटला, तो शरहबेशीत होता. आज आपल्या जीन्सवर कुणाची सक्ती दिसत नाही, पण विटवण्याची किंमत कुणाच्या फुप्फुसात आणि कुठल्या नदीत शिल्लक असू शकते. दरवेळी तंत्र सुधारलं आणि किंमत पुढच्या माणसाकडे सरकली. म्हणून नवं तंत्र आलं की, माझं स्वतःचं धरून, मी आता एकच विचारते : शिल्लक कुठे आहे?

जीन्स घालू नका असं मी सांगणार नाही. मी आत्ता हे लिहितानाही जीन्समध्येच बसले आहे. पण पुढची घ्याल तेव्हा गडद, न विटवलेली घ्या. उलटी करून, कमी वेळा धुवा. तिला तुमच्या चालण्या-बसण्याने विटू द्या. दोन वर्षं लागतील, पण ती जीन्स मग तुमच्यासारखी दिसेल.

आईच्या "कुणाची?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. दिवाळीची पँट विटकी आली होती, ती माझी नव्हतीच. माझी ती, जी कॉलेजात असताना घेतली होती आणि जिच्या उजव्या मांडीवर लॅबमध्ये हात पुसून पुसून पांढरा डाग पडलाय. ती टाकून दे म्हणून आई तीन वर्षं मागे लागली आहे.