सावित्रीच्या उगमाजवळील ख्राइस्ट चर्च

महाड-पोलादपूरच्या सखल प्रदेशातून वाहणारी सावित्री नदी ज्या महाबळेश्वरी उगम पावते, तेथे एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य ख्रिस्ती पंथाचे, ख्राइस्ट चर्च उभे राहिले. घाटमाथ्यावर असले तरी त्याचा पूर्वेतिहास कोकणातील वाटांशी निगडित आहे. कारण मुंबईहून निघालेले इंग्रज अधिकारी आरंभीच्या काळात समुद्रमार्गे बाणकोटला येत, खाडीने महाडकडे सरकत आणि पोलादपूर व पार या गावांवरून डोंगर चढत.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा मिळवली आणि तेथील वसाहतीला ‘माल्कम पेठ’ हे नाव पडले. पुढे 1837 मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालील चर्चचा प्रदेश, निर्माण झाला आणि त्याचे पहिले बिशप टॉमस कार यांनी 1842 मध्ये ख्राइस्ट चर्चची प्रतिष्ठापना केली. 1867 मध्ये इमारत वाढवण्यात आली. 1876 मध्ये पोलादपूरहून वर जाणारा फिट्झजेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट, गाडीवाहतुकीस खुला झाल्यावर महाड बंदराशी असलेले दळणवळण अधिक सुकर झाले.

इंग्लंडमधील खेड्यात पॅरिश, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला वस्तीचा टापू, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबांच्या जन्म-विवाह-मृत्यूंवर उभा असे. येथे मात्र उपासकवर्गच मोसमी होता: सरकारी लवाजमा उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर येई, तर पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या चार महिन्यांत वसाहत जवळजवळ रिकामी होई. सरकारी वेतनावरील धर्मोपदेशकांच्या, म्हणजे चॅप्लेनांच्या, व्यवस्थेवर अशा चर्चची भिस्त असे. स्थानिक मराठी समाजातून त्याला मूळ धरता आले नाही.

1930 मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विलग झाले, 1947 नंतर युरोपीय उपासक निघून गेले आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारतातील अँग्लिकन परंपरा इतर प्रॉटेस्टंट पंथांसह ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाली. म्हणूनच ख्राइस्ट चर्चकडे केवळ परकीय सत्तेची खूण म्हणून पाहणे अपुरे ठरते. सावित्रीखोऱ्यातील बंदर, घाटवाट आणि थंड हवेचे ठाणे यांना जोडणाऱ्या इतिहासाचा तो एक अस्सल पुरावा आहे आणि महाड-पोलादपूरच्या स्थानिक इतिहासलेखनात त्याला स्थान मिळालेच पाहिजे.