व्यसनमुक्तींत समदुःखी सोबत्याचें स्थान

व्यसनाचा इतिहास लिहितांना आपल्याकडील लेखक बहुधा निषेधाचा इतिहास लिहितात. कोणत्या स्मृतीनें मद्यपानास कोणतें प्रायश्चित्त सांगितलें, कोणत्या राजानें कोणती बंदी घातली, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. परंतु व्यसनांतून जो बाहेर आला तो कोणाचा हात धरून आला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार, नागभीड व वैनगंगेचा परिसर दृष्टीसमोर ठेवून, करावयाचा आहे.

या विषयाचें अतिप्राचीन साधन म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त, म्हणजेच अक्षसूक्त होय. चौदा ऋचांचें हें सूक्त कवष ऐलूष अथवा अक्ष मौजवत याच्या नांवावर सांगितलें जातें. त्यांतील व्यसन द्यूताचें आहे, मद्याचें नव्हे. परंतु रोगाचें स्वरूप एकच. पत्नी दुरावते; आईबाप व भाऊ त्याची ओळखहि नाकारतात. पांचव्या ऋचेचा आशय असा कीं, यापुढें खेळावयाचें नाहीं असा निश्चय तो जुगारी करतो, सवंगडी निघून जातात, तो एकटा मागें उरतो, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच पुन्हा तिकडेच धांव घेतो. निश्चय खोटा नव्हता. त्या निश्चयास सोबत नव्हती. तेराव्या ऋचेंत सविता त्यास जुगार सोडून शेत कसण्याचा उपदेश करतो. उपदेश उत्तम आहे. परंतु तो करणारा देव आहे. पूर्वी जुगारी असून आतां मुक्त झालेला मनुष्य, एवढें एकच पात्र या सूक्तांत नाहीं.

तें पात्र पुढें अमेरिकेंत आढळतें. इ. स. १८४० मध्यें बाल्टिमोर येथें सहा मद्यप्यांनीं एकमेकांस सांवरण्यासाठीं एक संघ काढला होता. तो फार काळ टिकला नाहीं. १९३५ सालीं अक्रन या गांवीं बिल विल्सन नांवाचा एक शेअर-व्यवसायी व्यापारांत अपयश येऊन एकटा पडला असतां, पिण्याची ओढ अनावर होऊं लागली. त्या वेळीं त्यानें उपदेशक शोधला नाहीं. दुसरा मद्यपी शोधला. तो भेटला शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ याच्या रूपानें. स्मिथनें १० जून १९३५ पासून मद्य वर्ज्य केलें, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघाचा स्थापनादिन मानिला जातो. या योजनेंतील मर्म असें कीं, सावरणाराहि दुसऱ्यास सावरतां सावरतां स्वतः सावरला जातो. २०२० सालीं कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेंत २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती विचारांत घेण्यांत आल्या. रुग्णास अशा संघाकडे पद्धतशीरपणें वळविणारे उपचार अखंड मद्यवर्जनाच्या बाबतींत इतर मान्य उपचारांहून सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्रांत हेंच तत्त्व २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत सुरू झालेल्या मुक्तांगणांत दिसून येतें. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्यानें हें केंद्र उभें केलें. तेथील कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनांतून बाहेर पडलेले अनेक जण आहेत. मनोविकाराच्या क्षेत्रांतहि असाच अनुभव आहे. कॅनडास्थित प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं १९९७ सालीं पुण्यांत स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत-गटांत रुग्णांचे आप्त एकत्र बसूं लागले. जें शेजाऱ्यास सांगतां येत नव्हतें तें तेथें सांगतां येऊं लागलें.

आतां आमच्या प्रदेशाकडे वळूं. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यांत लोकचळवळीच्या बळावर १९९३ सालीं दारूबंदी झाली. ती अद्याप कायम आहे. अलीकडे, म्हणजे नागभीड ज्यांत मोडतें त्या चंद्रपूर जिल्ह्यांत, २०१० सालीं स्त्रिया याच मागणीसाठीं चिमूरहून नागपुरापर्यंत पायीं गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली, आणि २७ मे २०२१ रोजीं ती उठविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला. बंदी योग्य कीं अयोग्य, हा वाद येथें अप्रस्तुत आहे. इतकेंच नमूद करावयाचें कीं, कायदा सहा वर्षांत आला आणि गेला. ज्यानें त्या अवधींत दारू सोडली होती, त्याच्यापाशीं कायदा गेल्यावर काय उरलें, हाच खरा प्रश्न होय. गडचिरोलींत बंदी असूनहि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमास गांवोगांवीं संघटना व उपचार-शिबिरें उभारावीं लागलीं, ही गोष्ट या दृष्टीनें बोलकी आहे.

प्रस्तुत लेखकानें आपल्या एका जुन्या विद्यार्थ्यास याच तालुक्यांत पुष्कळ उपदेश केला. सुभाषितें सांगितलीं, मुलांची शपथ घातली. तो खालीं मान घालून ऐकत असे. एके दिवशीं एवढेंच म्हणाला, "गुरुजी, तुमी कधी घेतली नाई, तुमाले काय सांगू?" त्या वाक्यास उत्तर नव्हतें. पुढें दारू सुटलेला एक सुतार संध्याकाळीं त्याच्या ओसरीवर येऊन बसूं लागला. दुकान उघडें असण्याची नेमकी तीच वेळ. दोघे फारसें बोलत नसत. माझ्या वर्षभराच्या उपदेशानें जें झालें नाहीं, तें त्या बसण्यानें होऊं लागलें. मधून मधून तो घसरला. सुतार दुसऱ्या दिवशीं पुन्हा आला.

सोबती हा वैद्याचा पर्याय मात्र नव्हे. दीर्घकाळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडल्यास झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतूं शकतें. तेथें वैद्यच पाहिजे. वैद्य शरीरांतील विष उतरवितो; नंतरची प्रत्येक संध्याकाळ सोबत्यानें निभावून न्यावयाची असते.

आमच्या भागांत अशा बैठकीची संवय नवी नाहीं. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेनें येथील गांवकऱ्यांस संध्याकाळीं एकत्र बसावयास शिकविलें आहे. प्रार्थना संपल्यावर त्याच सतरंजीवर दोन-चार जणांनीं आणखी घटकाभर थांबावें, आणि त्यांतील एकानें तरी पूर्वी प्यालेली असावी, एवढीच वाढ करावयाची आहे. अक्षसूक्तांतील जुगारी सवंगडी गेल्यावर एकटा उरला होता. आपल्या गांवांत तसा एकटा उरलेला कोण आहे, हें आपण सर्व जाणतों.