पालखीची वाट आणि पोलिसांची हद्द



विणेकऱ्यांच्या आणि अन्नदात्यांच्या आठवणी या अंकात आल्याच आहेत. एक गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. माउलींच्या वाटेवर पोलिसांचा बंदोबस्त असतो. त्याच्याशी आपल्यातल्या कुणी बोलायचं, आणि तिकडून ऐकायला कोण, हे शंभर वर्षांत किती बदललं!

आपली दिंडी पहिल्यांदा निघाली तेव्हा १८६७ चा ग्राम पोलीस कायदा चालू होता. गावचा पाटील हाच गावचा पोलीस. मुक्कामाची जागा, विहिरीचं पाणी, वळकटी चोरीला गेली तर तपास, सगळं पाटलाच्या वाड्यावर. बापामागून मुलगा पाटील व्हायचा, त्यामुळे ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकायची. पण जुनं ते सगळं गोड मानू नये. दिंडीत सगळ्या जातींची माणसं, आणि वाड्याच्या पायरीवर प्रत्येकाला बसता येत नव्हतं. १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी गेली. १९६७ च्या कायद्याने प्रांतसाहेबांनी नेमलेला पोलीस पाटील आला. आज कितीतरी गावांत बाई पोलीस पाटील आहे. ओळख नव्याने करावी लागली, पण दार सगळ्यांना उघडं झालं.

दुसरा मोठा फेरबदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. आळंदी आणि देहू पुणे ग्रामीणमधून निघून त्यात गेले, आणि दिघी पुणे शहराकडून तिकडे गेली. वाढतं शहर, कारखाने, रहदारी बघता आयुक्तालय हवंच होतं, याबद्दल माझं दुमत नाही. पण वारीच्या हिशेबाने काय झालं ते पाहा. आधी आळंदी, सासवड आणि जेजुरी एकाच पोलीस अधीक्षकाकडे. आळंदीत पालखी मार्गी लावणारी माणसंच शहर ओलांडलं की दिवे घाटात पुन्हा भेटायची. दिंडीचा ट्रक, नंबर, दिंडीप्रमुखाचा चेहरा त्यांच्या ओळखीचा. आता ग्रामीण पोलिसांना आपण पुण्याच्या पुढेच भेटतो. पुढे नीरा ओलांडली की सातारा, धर्मपुरीला सोलापूर. तिथे मात्र जुनीच रीत.

अधिकारही विभागले. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात, आणि जमावबंदीसारखे दंडाधिकाऱ्याचे अधिकार कलेक्टर, प्रांत, तहसीलदार यांच्याकडे असतात. आयुक्तालयात ते आयुक्तांच्याच हातात. आळंदी तालुक्याने अजून खेडमध्येच आहे. म्हणजे पाणी-जागेचं बोलणं खेडच्या तहसीलात, आणि बंदोबस्ताचं चिंचवडला. वारीआधीची बैठक दरसाल होते, संस्थान असतं, दिंड्यांचे प्रतिनिधी असतात. त्यात अडचण नाही. अडचण बैठकीनंतर रस्त्यावर येते.

२०१९ ची वारी नव्या हद्दीतली पहिली. आपल्या दिंडीतल्या एक आत्या दिघीच्या पुढे गर्दीत चुकल्या. एका ठाण्यात गेलो, तिथे म्हणाले, पलीकडच्या ठाण्यात जा. पलीकडे गेलो तर ते म्हणाले, अलीकडच्या. कुणी उद्धट बोललं नाही. पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. पण हद्द नेमकी कुठे लागते हे त्या पोरांनाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सासवडच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला. सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबले, आपले थांबले नाहीत. ज्याचं गाऱ्हाणं त्याचा टाळ वाजत राहायचा, ही हैबतबाबांच्या सोहळ्याची रीत. चोपदार आपल्या दिंडीपाशी आले, ऐकून घेतलं, सगळ्या तळाला ऐकू जाईल असं सांगितलं. घटकाभरात मागच्या एका दिंडीतून निरोप आला. आत्या तिथे भाकरी थापत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी कुठं चुकले? माउलीबरोबरच चालतेय की."

२०२० आणि २०२१ ला पादुका एसटीने गेल्या, वारी चालली नाही. दरम्यान मार्च २०२१ ला लोणी काळभोरचं ठाणं ग्रामीणमधून पुणे शहराकडे गेलं. तुकोबारायांच्या पालखीचा तिथे मुक्काम, तेव्हा २०२२ ला त्या सोहळ्यातल्या दिंड्यांनाही आपल्यासारखंच नव्याने सांगावं लागलं. २०२३ ला आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी पोलीस आणि वारकरी यांच्यात झटापट झाली. लाठीमार झाला नाही, असं पोलिसांनी सांगितलं. तिचं खापर हद्दीच्या फेरबदलावर फोडणं बरोबर नाही. देवळात माणसं किती मावणार, हा प्रश्न आयुक्तालयाच्या आधीपासूनचा आहे. पण ज्याला नावाने हाक मारावी असा माणूस समोर असता, तर चार शब्दांत काही निभावलं असतं असं मला वाटतं.

पोलिसांच्या सालाबादच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. वारी जूनमध्ये नाहीतर जुलैत. म्हणजे बहुतेक साली साहेब नवा आणि वारी तोंडावर. म्हणून आपल्या दिंडीने ठरवलंय, ज्येष्ठ लागला की दोघांनी आळंदी, दिघी आणि सासवड या तिन्ही ठाण्यांत जाऊन यायचं. बरोबर वाहनांची यादी, दिंडीप्रमुखाचा फोन नंबर, आणि म्हाताऱ्या माणसांची नावं. यंदाच्या यादीत पहिलं नाव आत्यांचं आहे.