प्रवरेचे पाट आणि क्षारपड जमीन

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि अकोले तालुक्यातले प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. या दोन सरकारी कामांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागातील शेती पालटली. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले प्रवरेचे कालवे दुष्काळनिवारणासाठी होते, निदान कागदोपत्री तरी. प्रत्यक्षात सरकारला चांगली पाणीपट्टी मिळे ती उसातून, आणि गुळा-साखरेला बाजार मिळाला तो रेल्वेमुळे. बेलापूर रोड स्टेशनाभोवती पुढे श्रीरामपूर वाढले. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

याची किंमत जमिनीने मोजली. खोल काळ्या जमिनीत पाटाचे पाणी मुरते, पण त्याचा निचरा होत नाही. भूजल मुळांपर्यंत चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर उरतात. उन्हाळ्यात अशा वावरावर पांढरा थर दिसतो, पेरलेले उगवत नाही. चर खणून निचरा करणे, चोपण (सोडियमचे प्रमाण वाढलेल्या) जमिनीत जिप्सम टाकणे, हे उपाय जुनेच आहेत. परंतु पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाई, पाणी मोजून नव्हे. त्यामुळे जादा पाणी देणाऱ्याला तोशीस पडत नसे. पाट काढण्यात सरकारने जो उत्साह दाखवला, तो चर काढण्यात दाखवला नाही.