जुना पियानो : जपावा की वाजवावा?

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव येथे राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने मध्यंतरी आम्हांस सल्ला विचारला. मुंबईच्या नातेवाइकांकडील जुना पियानो त्यांना अल्प किमतीत मिळत होता. दुरुस्तीचा खर्च मात्र किमतीच्या कितीतरी पट होता. तो करावा काय? उत्तर देण्यापूर्वी आम्ही इतिहासाकडे वळलो.

पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची वाद्ये सांभाळणाऱ्या या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहान हातोडी मारण्याची युक्ती काढली. त्यामुळे बोटाच्या दाबाप्रमाणे सूर हलका वा मोठा होऊ लागला. त्याच्या हातचे तीनच पियानो आज उरले आहेत. १७२० सालचा पियानो न्यूयॉर्कमध्ये आहे. त्याचा ध्वनिफलक, म्हणजे नाद घुमविणारी लाकडी फळी, १९३८ साली बदलण्यात आली. वाद्य वाजते, पण त्याचा मूळ नाद कायमचा हरपला. १७२२ सालचा पियानो रोममध्ये आहे. तो किडीने पोखरला असून मुका आहे. दुरुस्त करावे तर मूळ जाते, न करावे तर सूर जातो, असा हा पेच आहे.

ख्रिस्तसभेतही पियानोचे नशीब पालटत गेले. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, काढलेल्या आदेशाने चर्चमध्ये पियानो वाजविण्यास मनाई केली. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान कायम राखून, उपासनेस साजेशी अन्य वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाट मोकळी केली. वाद्य तेच होते. प्रश्न होता तो वापराचा.

आपल्या पेटीची कथा याहून बोलकी आहे. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास घडलेली हार्मोनियम पायांनी भाता हलवून वाजत असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताचा भाता दिला आणि ती जमिनीवर बसून वाजविता येऊ लागली. मूळ रूप बदलले, म्हणूनच ती खेडोपाडी नांदली.

आमच्या मित्राचा पियानो क्रिस्तोफोरीच्या हातचा नव्हे; कारखान्यातून निघालेल्या असंख्य वाद्यांपैकी तो एक. त्याचे मोल वाजण्यात आहे. तेव्हा नव्या तारा व नवा नमदा घालण्यात दोष नाही. मात्र आधी जाणकाराकडून दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. दोनशेहून अधिक तारांचा कित्येक टनांचा ताण पेलणारी ओतीव लोखंडी चौकट तडकलेली नसावी. आणि ज्या फळीत तारांच्या खुंट्या रोवलेल्या असतात ती शाबूत असावी, नाहीतर लावलेला सूर टिकत नाही. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा व त्यामागून येणारा दमट पावसाळा लाकडास आकसवितो, फुगवितो. म्हणून सूर लावण्याचा खर्च दरवर्षीचा समजावा.

शेवटी आम्ही एवढेच विचारले, “वाजविणार कोण?” क्षणभर सारे गप्प झाले. मग उपासनेत पेटी वाजविणारी धाकटी कन्या पुढे आली. आम्ही म्हणालो, “मग जाणकाराला बोलवा. चौकट आणि फळी धड असेल, तर खर्च करा.”